देवमाणसाची कंबर

आमच्या इमारतीत मला देवमाणूस म्हणतात. ही पदवी मला माझ्या कमरेमुळे मिळाली. स्वभावाचा तिच्यात काडीचाही वाटा नाही, हे माझी बायको कुणालाही, न विचारता, सांगेल.

खरं तर कंबर बिचारी फारशी दुखत नव्हती. तक्रार होती ती पायांची. घरातून निघालो की पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत मी झोकात असायचो. पुढच्या खांबाशी पोटऱ्यांत मुंग्या यायच्या, आणि त्याच्या पुढच्या खांबाशी कुणीतरी दोन्ही पायांत ओली वाळू भरायला घ्यायचं. गंमत अशी, की नुसतं थांबून भागत नसे. ताठ उभा राहिलो तर वाळू वाढायची. कमरेत वाकलो की घटकाभरात सगळी गळून जायची. आता उभा जन्म लेखापरीक्षण खात्यात गेलेला माणूस मी. दुसऱ्यांना वाकवण्यात हयात गेली, आणि भर रस्त्यात स्वतः वाकायची पाळी आली. ते तरी सबळ कारणाशिवाय कसं वाकायचं? म्हणून मी चपला सोडून नाड्यांचे बूट घेतले.

नाडी बांधायला वाकलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, असा माझा समज होता. पण ठरावीक खांबांपाशी रोज नाडी बांधणारा माणूस लोकांच्या बरोबर ध्यानात राहतो. कोपऱ्यावरच्या चांभाराने एकदा हाक मारून सांगितलं, "साहेब, ती नाडी बदला. गाठ धरत नाही ती." मग मी दुकानांच्या काचांकडे वळलो. काचेआडच्या सर्वांत खालच्या फळीवर काय मांडलंय ते वाकून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. दुर्दैवाने माझे पाय जिथे भरून यायचे, तिथे नेमकं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान होतं. काही दिवस मी तिथल्या खालच्या फळीचा बारकाईने अभ्यास केला. मग एकदा मालकीणबाई बाहेर आल्या आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या, "माप माहीत असेल तर आत या." त्या दिवशी मी वाळूसकट घरी पळालो.

अशा पडत्या काळात मला मावशी भेटल्या.

मावशी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या सेक्रेटरीच्या मावशी. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा सेक्रेटरी. त्याला दुसरा काही उद्योग असेल तर तो आम्हांला ठाऊक नाही. मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण पायाने पुन्हा भार घ्यायचं साफ नाकारलं, म्हणून त्या चाकांच्या खुर्चीसकट भाच्याकडे राहायला आल्या. नोकरी त्यांनी वजनमापं खात्यात केली होती, निरीक्षक म्हणून. बाजारातल्या तराजूंच्या खोड्या पकडण्यात आयुष्य गेलेली बाई. "मावशी नुसती रस्त्याच्या टोकाला दिसली की दुकानदार खोटी वजनं लपवायचे," असं सेक्रेटरी अभिमानाने सांगायचा. त्या घरी राहायला आल्यापासून तो स्वतः काय काय लपवत होता, ते मात्र सांगायचा नाही.

एका सकाळी तो फाटकाशी खुर्ची धरून उभा होता. मला बघून म्हणाला, "काका, एक मिनिट धरता का? मोबाइल वर राहिला."

मी खुर्चीच्या दांड्या धरल्या. सेक्रेटरीचं एक मिनिट काय असतं ते इमारतीच्या सभांना गेलेल्यांना माहीत आहे. उभ्या उभ्या माझे पाय भरायला लागले. नकळत मी पुढे झुकलो, दांड्यांवर अंग टाकलं, आणि वाळू गळाली. म्हटलं, बघू तरी. जरा ढकललं. काही नाही. आणखी जरा ढकललं. खांबामागून खांब गेले, चांभार गेला, ते नको ते दुकानही मागे पडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी चक्क शीळ घालतोय. पुढे मावशी बसल्या आहेत हेही मी विसरलो होतो.

इकडे सेक्रेटरी खाली आला तो फाटकाशी ना मावशी, ना खुर्ची, ना काका. आम्ही परतलो तेव्हा अर्धी इमारत खाली जमली होती आणि वॉचमनची उलटतपासणी चालली होती. मी मनात सबब जुळवत होतो, तोच सेक्रेटरीने माझे दोन्ही हात हातात घेतले. "काका, इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही फक्त आमच्या हिशेबात खुसपटं काढता. आज कळलं तुमचं मन केवढं आहे ते!" एवढ्यावर त्याचं भागलं नाही, म्हणून उरलेला मजकूर त्याने इमारतीच्या ग्रुपवर लिहिला. मजकूर लांबलचक होता आणि शेवटचा शब्द 'देवमाणूस' होता.

न केलेल्या कामाची जमा खात्यावर दिसली की हिशेबी माणसाला ती टोचते. खुलासा करायला हवा होता, हे कबूल. पण खुलासा करणार काय? 'तुमची मावशी ही माझी काठी आहे'? दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून समोरची बेल वाजवली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"स्वतःचा चहाचा कप विसळत नाही हा माणूस," बायको शेजारणीला सांगत होती, "आणि लोकांच्या मावश्या फिरवतोय. कुठेतरी पाणी मुरतंय, बघा."

पाणी कुठे मुरतंय ते आधी मावशींना कळलं. एकदा बँकेसमोर थांबलो असताना त्या मान न वळवता म्हणाल्या, "तुझ्या कमरेला काय झालंय रे?"

"कुठे काय, मावशी?"

"मला शेंड्या लावू नकोस. तू ढकलत नाहीस, टेकतोस. तू टेकलास की माझी पुढची चाकं हलकी होतात. भाचा ढकलतो तेव्हा ती जमिनीला चिकटून असतात. अरे, तराजूच्या दांडीला कुणी करंगळी लावली तर मी रस्त्याच्या पलीकडून ओळखायची. तू तर अख्खा लोंबकळतोयस!"

मी आजूबाजूला बघितलं. "भाच्याला सांगणार?"

"सांगून मला काय मिळणार? तो मला इमारतीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरवतो. तीच भिंत, तीच टाकी, तेच वाळत घातलेले कपडे. तू निदान रस्ता तरी ओलांडतोस." मग त्या खुर्चीत ऐसपैस सरकून बसल्या. "असं कर. तू टेक हवा तेवढा. कुठे जायचं ते मी ठरवीन."

असा आमचा करार झाला. दोघांनाही वाटायचं, आपण समोरच्यावर उपकार करतोय. यापेक्षा टिकाऊ नातं मी पाहिलेलं नाही.

मावशी मला जिथे नेत (मी त्यांना नेत असे, असं इमारत समजत होती) तिथे मी पूर्वी हजारदा जाऊन आलो होतो, पण बघितलं काहीच नव्हतं. फळवाल्यासमोर आम्ही नुसते थांबायचो. मावशी काही घ्यायच्या नाहीत, काही बोलायच्या नाहीत. काट्याकडे बघत राहायच्या. फळवाल्याला घाम फुटायचा. एकदा तो काकुळतीने म्हणाला, "आजी, काटा इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात आता काही करता येत नाही हो."

"मग वरचा पंखा बंद कर," मावशी म्हणाल्या.

पंखा बंद झाला आणि काट्यावरचा आकडा हळूच उतरला. रांगेतली गिऱ्हाइकं माझ्याकडे आदराने बघायला लागली, जणू मावशी मीच शोधून काढल्या होत्या. इतकी वर्षं माझी समजूत होती, की माणसांची लबाडी कागदावर सापडते. ती पंख्यातून वाऱ्यासारखी खाली येते, हे मला मावशींनी दाखवलं. कापडवाल्याची पट्टी कुठे झिजलीय, दूधवाल्याच्या मापाला कुठे पोचा आलाय आणि तो पोचा आतून बाहेर का येत नाही, अशा शेकडो गोष्टींचं मला कुतूहल लागलं. वाकून बघण्याची तर मला मुभाच होती.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका संध्याकाळी बायको म्हणाली, "चला, आज बहिणीकडे चालत जाऊन येऊ. इथे जवळ तर आहे."

जवळ होतं हे खरं. पण हातात खुर्ची नव्हती. निम्म्या वाटेवर एका फर्निचरच्या दुकानाने फुटपाथवर आरामखुर्ची मांडली होती, तिच्यात मी कोसळलो आणि कपाळ गुडघ्यांना लावलं. आतून विक्रेता धावत आला. "बसा साहेब, बसा! मागे रेला, पाठीला काय आधार आहे बघा! … साहेब, आधार मागच्या बाजूला आहे."

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "त्या मावशींना घेऊन गावभर हिंडता. बाजार होतो, बँक होते, काय काय होतं. माझ्याबरोबर माझ्या बहिणीच्या दारापर्यंत यायचं म्हटलं की पाय गळतात?" संसाराच्या इतक्या वर्षांत माझ्यावरून कुणाचा मत्सर करायची वेळ तिच्यावर आली नव्हती. आली ती ऐंशीच्या घरातल्या, बसलेल्या बाईवरून. मला किंचित बरंही वाटलं. पण विक्रेता ऐकत होता, म्हणून मी खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं: मुंग्या, वाळू, नाड्या, दांड्या. मालकीणबाईंचा भाग वगळला.

ती इतकी हसली की शेजारच्या सोफ्यावर बसली. विक्रेत्याला वाटलं, सौदा जमला. मग हसणं एकाएकी थांबवून ती म्हणाली, "उद्या डॉक्टर."

मणक्याच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीचा एमआरआय प्रकाशावर धरून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, मोठ्या दुकानात सामानाची ढकलगाडी घेऊन चालताना बरं वाटतं का?"

मी चमकलो. या माणसाला कुणी सांगितलं? "ढकलगाडी नाही… व्हीलचेअर."

"म्हणजे तुम्ही व्हीलचेअरवर असता?"

"नाही, मागे असतो. ढकलतो."

"रिकामी?"

"नाही. आत एक मावशी असतात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुणाच्या?"

"समोरच्यांच्या," बायको म्हणाली. "ती वेगळीच केस आहे. तुम्ही पाठीचं बघा."

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा कणा पुढे ओढला. मणक्यांच्या आतून एक बोळ जातो. त्या बोळातून पायांच्या नसा जातात. वयपरत्वे बोळाच्या भिंतीवरचा पडदा जाड होतो, जरा हाडही वाढतं, आणि बोळ अरुंद होतो. ताठ उभं राहिलं की त्या जाड पडद्याला चुण्या पडतात आणि नसा चेपतात. वाकलं की पडदा ताणला जातो, चुण्या निघतात, नसांना वाट मिळते. म्हणून वाकलेला माणूस सुखी. (बाकीच्या आयुष्यालाही हे लागू आहे, पण ते डॉक्टर म्हणाले नाहीत.)

मला लख्ख कळलं. आमच्या तळमजल्यावरचा बोळ डोळ्यांसमोर आला: एका बाजूला चपलांची कपाटं, दुसऱ्या बाजूला सायकली, मधे सेक्रेटरीने 'तात्पुरती' ठेवलेली जुनी फ्रिजची खोकी. "म्हणजे अतिक्रमण!" मी म्हणालो.

"अगदी," डॉक्टर म्हणाले. "काहींच्या बाबतीत पाठ चांगली उघडून ते हटवावं लागतं. तुमच्यात मुख्य दोष पडद्याचा आहे. आधी व्यायाम आणि गोळ्या करू. नाही भागलं, तर पाठीला छोटंसं भोक, त्यातून पेन्सिलीएवढी नळी, आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत जाड झालेला भाग कुरतडून काढायचा. भूल तेवढ्या जागेपुरती. संध्याकाळी घरी."

"हमखास बरं वाटेल?"

"हमखास म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. बहुतेकांचं चालणं वाढतं. काहींचं थोडंच."

हे उत्तर मला इतकं आवडलं, की मी आणखी बरेच प्रश्न विचारले. कुरतडलेलं बाहेर कसं येतं? नस कुठली आणि पडदा कुठला हे नळीला कसं कळतं? प्लॅस्टिकचा कणा हातात घेऊन बघताना त्यातली एक चकती निखळून टेबलाखाली गेली आणि ती शोधायला मी आनंदाने वाकलो. पुढचा पेशंट दोनदा डोकावून गेला.

व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, एक इंजेक्शनही झालं. वाळू काही दिवस ओसरली आणि व्याजासकट परत आली. तेव्हा नळीचं नक्की केलं, आणि गाठ पडली विमा कंपनीशी. काप इतका लहान, की त्यांना तो दिसेना.

"रात्री दवाखान्यात राहणार का?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"नाही. संध्याकाळी घरी सोडतात."

"मग हे आमच्यात धरत नाहीत. रात्र लागते."

मी दवाखान्यात गेलो. "मला एक रात्र ठेवून घ्या." तिथले म्हणाले, "ठणठणीत माणसाला खाट कशी देणार? आजारी माणसं खोळंबलीत." मी पुन्हा विम्याच्या बाईंकडे. त्या म्हणाल्या, मोठं ऑपरेशन असेल तर रात्र आपोआपच लागते. मी डॉक्टरांना गाठून शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, की तोच काप जरा मोठा घेता येईल का. डॉक्टरांनी माझी फाइल मिटली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. शेवटी विम्याच्या बाई जेवायला गेल्या असताना त्यांच्या जागी दुसऱ्या बाई बसल्या, आणि त्यांनी न वाचता शिक्का मारला. नियमाचं हे रूप माझ्या नोकरीपासून परिचयाचं आहे. मला गहिवरून आलं.

दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. जगातला प्रत्येक आजार त्यांच्या साडूला होऊन गेलेला आहे. साडू एकच आहे की अनेक, हे कुणी विचारलेलं नाही. एकच असेल तर तो अजून चालताबोलता आहे हीच वैद्यकशास्त्राची कमाल. साडूवाले जिन्यात भेटले.

"साडूची पाठ मानेपासून पार खालपर्यंत उघडली होती," ते म्हणाले. "कित्येक महिने पालथा. तुमचा काप केवढा?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"एवढाच?" त्यांच्या चेहऱ्यावर दिलासा नव्हता, निराशा होती. "मग दुखणंही तेवढंच असणार. आम्ही उगीच मोठं समजत होतो."

राहता राहिल्या मावशी. त्यांना सांगायचं मी लांबणीवर टाकत होतो, आणि का टाकतोय ते मला कळत नव्हतं. अखेर पोस्टासमोर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नळी केवढी ते विचारलं, मला वाटलं आता काहीतरी टोला मारतील. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे मग तू ताठ चालशील."

"हो. म्हणजे, बहुतेक."

"हात मोकळे सोडून."

"हो."

"चांगलंय." त्या समोर बघत होत्या. "फिरव. घरी जाऊ."

"एवढ्यात? अजून फळवाला राहिला."

"त्याला कळलंय आता. पंखा बंद ठेवतो तो."

लिफ्टपाशी मी म्हणालो, "मावशी, मी बरा झालो तरी येईनच की."

"भाचाही म्हणाला होता," त्या म्हणाल्या, "रोज समुद्रावर नेईन म्हणून. इथे समुद्रच नाही, हे मला आल्यावर कळलं." आणि हसल्या. पण माझ्या मनात जो ताळा लागायला हवा होता तो लागेना. माझी कंबर सुटली, तर त्यांची भिंत, टाकी आणि वाळत घातलेले कपडे परत सुरू होणार होते. देवमाणसाच्या खात्यावर ही बाकी होती, आणि ती मला आणि त्यांना, दोघांनाच दिसत होती.

ठरल्या दिवशी मला टेबलावर पालथं झोपवून पोटाखाली उशी दिली. म्हणजे शेवटी वाकवलंच. पाठीत सुई टोचली, मग दाबल्यासारखं, मग कुणीतरी शेजारच्या खोलीत लाकूड कुरतडतंय तसं. एक्स-रेचा पडदा मला तिरक्या डोळ्याने जरासा दिसत होता.

"ते काळं काय आहे?"

"काका, बोलू नका. बोललात की पाठ हलते."

"ते हलतंय ते मीच का?"

"काका!"

संपल्यावर मी हट्ट धरला, की काढलेलं दाखवा. डॉक्टरांनी वाटी पुढे केली. ओल्या कागदाच्या चिंध्यांसारखं काहीतरी, चमचाभरही नसेल. "एवढंच?" माझ्या तोंडून साडूवाले बोलले.

दुपारी नर्सने चालायला सांगितलं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात निघालो. अर्ध्यावर सवयीने वाळूची वाट बघायला थांबलो. आली नाही. टोकापर्यंत गेलो, वळलो. वसुलीला रोज येणारा माणूस एके दिवशी आलाच नाही की जसं दाराकडे बघत राहतो, तसा मी माझ्या पायांकडे बघत होतो. बायको मागून "अहो, हळू! अहो, पडाल!" म्हणत होती, आणि रुमाल डोळ्यांना लावत होती, नंतर विचारलं तर म्हणाली, व्हरांड्यात फिनेल फार टाकतात.

घरी मात्र माझी बेअब्रू झाली. भेटायला येणारे गंभीर चेहऱ्याने यायचे आणि पाठ बघायला मागायचे. मी शर्ट वर करायचो. पाठीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी. "डास चावला की काय?" वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. साडूवाल्यांनी आणलेली फळांची पिशवी त्यांच्याबरोबरच परत गेली. चुकून, असं आम्ही धरून चालतो.

पुढचे काही आठवडे ओझं उचलायचं नाही, ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सेक्रेटरीने ग्रुपवर निवेदन काढलं: 'आपल्या देवमाणसाच्या विश्रांतीच्या काळात मावशींना फिरवण्यासाठी सेवाभावी व्यक्ती हव्यात.' निवेदनाला भराभर अंगठे आले, जोडलेले हात आले, फुलं आली. माणूस आला तो एकच, साडूवाले. ते साडूच्या गुडघ्याची हकिगत सांगत सांगत मावशींची खुर्ची खांबावर आदळून बसले. त्यानंतर मावशींनी खाली यायला नकार दिला. त्या गॅलरीत बसायला लागल्या.

आणि मी खाली रोज ताठ मानेने चालत होतो, डॉक्टरांच्या हुकमाने. थोडं थोडं करत अंतर वाढलं. नाडी सुटली तरी बांधत नव्हतो. पण एक चमत्कारिक गोष्ट झाली: रस्त्यावरचं काहीच दिसेना. दुकानं होती, माणसं होती, पण काटा कुठला खोटा आणि पट्टी कुठली झिजलेली, हे एकट्याला कळायचं नाही. फळवाल्याने विचारलं, "साहेब, आजी कुठे?" मी म्हटलं, येतील. त्याने माझ्या देखत पंखा चालू केला.

निघताना आणि परतताना मी वर गॅलरीकडे बघायचं टाळायचो. मावशी हाक मारायच्या नाहीत. हाक मारली असती तर बरं झालं असतं.

ढकलायची परवानगी मिळाली त्याच दिवशी मी समोरची बेल वाजवली. दार उघडून सेक्रेटरी म्हणाला, "काका, आता तरी जिवाला आराम द्या हो!" त्याच्यामागून आवाज आला, "कोण आहे?"

"मी, मावशी. चला."

"कशाला? कंबर पुन्हा धरली का?"

"नाही. बरी आहे."

"मग?"

आयुष्यभर मी लोकांना 'कशासाठी' हा रकाना भरायला लावला. मला तो भरता येईना. "उगीच," मी म्हणालो.

मावशींनी चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत तपासलं. मग म्हणाल्या, "भाच्या, माझे मोजे आण."

फाटकाबाहेर आलो आणि मला पहिला धक्का बसला. खुर्ची जड होती. टेकत होतो तेव्हा ती आपसूक पळायची. आता ताठ उभा राहून, हातांनी, खरोखर ढकलावी लागत होती. थोड्या अंतरावर मला धाप लागली. मावशी खूश होत्या; पाठमोऱ्या खुर्चीतही ते कळतं.

नेहमीसारखी मी डावीकडे वळवायला लागलो.

"उजवीकडे," मावशी म्हणाल्या.

"उजवीकडे उतार आहे, मावशी."

"माहीत आहे. उतारावर खुर्ची मागे खेचून धरावी लागते. त्यासाठी माणसाला मागे झुकता यायला हवं. तुला येत नव्हतं. पहिल्या दिवशी फाटकाच्या एवढ्याशा उतरंडीवर कण्हला होतास तू."

मी दांड्या धरून उभा राहिलो. इतके महिने आम्ही बाजारात गेलो, बँकेत गेलो, पोस्टात गेलो. सगळे रस्ते सपाट होते. मला वाटायचं, त्यांची ठिकाणंच तिथे आहेत.

खालचा रस्ता झाडांमागे वळून दिसेनासा होत होता. या इमारतीत इतकी वर्षं राहतो मी, पण त्या वळणापलीकडे कधी पायी गेल्याचं आठवेना.

"खाली आहे तरी काय?"

"मला काय ठाऊक? म्हणून तर जायचंय."

"आणि परत वर कसं यायचं? साधा चढ नाही हा."

"ते खाली गेल्यावर बघू," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. "ब्रेक सोड."

मी मागे झुकलो, आणि ब्रेक सोडला.